कॉफीचे शंकरपाळे

धान्याची पारख रंगावरून करण्यात आमचे आयुष्य गेले; परंतु गेल्या दिवाळीत लोधीखेड्यास आमच्याच घरी ती विद्या निरुपयोगी ठरली. सूनबाईंनी कॉफीचे शंकरपाळे आरंभिले होते. कॉफी म्हटली की दक्षिण देश आठवतो. वास्तविक आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यासही ती पिकते.

अर्धी वाटी कोमट दुधात पाऊण वाटी साखर व २ चमचे विरघळणारी कॉफी घालावी. (गाळावयाच्या कॉफीची पूड नको, ती दातांखाली येते.) मग अर्धी वाटी पातळ तूप, चिमूटभर मीठ, आणि मावेल तितका, म्हणजे सुमारे ३ वाट्या, मैदा.

"बदामी झाले, काढा," असे आम्ही अधिकारवाणीने सांगितले. पीठ मुळातच बदामी! पहिला घाणा आत कच्चा निघाला. दुसरा आम्ही हट्टाने अधिक ठेवविला, तो कडू झाला. कॉफी आधीच भाजलेली. तिला जास्त आच सोसत नाही.

"मामंजी, रंग नव्हे, बुडबुडे पाहा," सूनबाई म्हणाल्या. मंद आचेवर बुडबुडे ओसरले, म्हणजे आतील ओल गेली. तिसरा घाणा खुसखुशीत उतरला.

तेव्हापासून कढईजवळ आमचे मत कोणी विचारीत नाही.