ग्रीन बे पॅकर्स: गावाने राखलेला संघ

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. त्यांतले ३१ संघ धनाढ्य व्यक्ती, कुटुंबे किंवा भागीदार यांच्या मालकीचे आहेत. उरलेला ग्रीन बे पॅकर्स हा एकच संघ पाच लाखांहून अधिक सामान्य भागधारकांचा आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या या शहराची लोकसंख्या जेमतेम एक लाखाच्या वर, तरीही सर्वाधिक म्हणजे १३ अजिंक्यपदे याच संघाच्या नावावर आहेत.

कर्ली लॅम्बो हा तरुण खेळाडू आणि जॉर्ज कॅल्हून हा पत्रकार या दोघांनी ऑगस्ट १९१९मध्ये संघ उभा केला. लॅम्बो नोकरी करत होता त्या मांस डबाबंद करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीने गणवेशासाठी ५०० डॉलर दिले आणि त्यावरूनच संघाचे नाव पडले. १९२१मध्ये लीगमध्ये प्रवेश मिळाला. मात्र महाविद्यालयीन खेळाडू नियमबाह्य उतरवल्यामुळे तो लगेच गेला आणि पुढच्या वर्षी लॅम्बोने तो परत मिळवला. त्यातच १९२२चा हंगाम पावसाने धुऊन काढला. तिकिटे खपेनात, कर्ज वाढले.

इथे गाव धावून आले. स्थानिक वृत्तपत्राचे अँड्र्यू टर्नबुल यांनी व्यापाऱ्यांना एकत्र आणले आणि १९२३मध्ये संघाचे रूपांतर ना-नफा महामंडळात झाले. प्रत्येकी ५ डॉलरचे १,००० भाग विकले गेले. या भागांवर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकता येत नाहीत आणि त्यांची किंमतही वाढत नाही. हातात येतो तो फक्त एक कागद आणि मतदानाचा हक्क. कुणा एकाकडे संघाचा ताबा जाऊ नये म्हणून भागांच्या संख्येवर मर्यादा आहे. संघ विकलाच, तर पैसा भागधारकांना न मिळता धर्मादाय कामाकडे जावा, अशीही तरतूद आहे. त्यामुळे संघ विकून किंवा दुसऱ्या शहरात हलवून कुणाचाच फायदा होत नाही. त्या काळातले छोट्या गावांचे बहुतेक संघ बुडाले किंवा मोठ्या शहरांत गेले, पॅकर्स मात्र टिकले. त्यांच्या टिकण्याचे श्रेय मैदानावरच्या पराक्रमाइतकेच या कलमांना द्यायला हवे.

लॅम्बोच्या प्रशिक्षणाखाली संघाने १९२९ ते १९३१ अशी सलग तीन आणि १९४४पर्यंत एकूण सहा अजिंक्यपदे जिंकली. झेल टिपणारा डॉन हटसन हा या काळातला सर्वांत मोठा खेळाडू. पैशाची चणचण मात्र सुटली नाही. सज्ज्यातून पडलेल्या एका प्रेक्षकाने दावा लावला आणि १९३५मध्ये पुन्हा भाग विकावे लागले. १९५०मध्ये लॅम्बो संघ सोडून गेला. त्यानंतरची पडझड इतकी झाली की १९५८मध्ये बारा सामन्यांत एकच विजय मिळाला.

१९५९मध्ये विन्स लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आले. मोजक्या चाली घोटून घोटून निर्दोष करायच्या, ही त्यांची पद्धत. सात वर्षांत पाच अजिंक्यपदे आली, त्यांत सुपर बोल या निर्णायक अंतिम सामन्याचे पहिले दोन विजयही होते. ३१ डिसेंबर १९६७ रोजी डॅलस काउबॉइजविरुद्धच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात तापमान उणे २५ अंश सेल्सिअस होते. मैदानाखालची तापवणारी यंत्रणा निकामी झाली आणि माती दगडासारखी गोठली. धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्यावर पंचांनी ओरडून खेळ चालवला. १६ सेकंद उरले असताना संघ १४-१७ असा मागे होता आणि अंतिम रेषा हातभर दूर होती. लाथेने तीन गुण घेऊन बरोबरी साधण्याचा पर्याय होता. तो बाजूला ठेवून चाली चालवणारा क्वार्टरबॅक बार्ट स्टार चेंडू छातीशी धरून स्वतःच रेषेपार घुसला. सामना २१-१७ असा जिंकला. लोम्बार्डी १९७०मध्ये वारले आणि सुपर बोलच्या चषकाला त्यांचे नाव देण्यात आले.

पुढची दोन दशके बहुतांशी निराशेची गेली. १९९२मध्ये क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह आला, पाठोपाठ बचावपटू रेगी व्हाइट, आणि जानेवारी १९९७मध्ये न्यू इंग्लंडला हरवून सुपर बोल परतला. अॅरन रॉजर्सच्या नेतृत्वाखाली २०११मध्ये पिट्सबर्गविरुद्ध चौथा मिळाला. स्टेडियमच्या कामासाठी १९९७, २०११ आणि २०२१मध्ये पुन्हा भाग काढले गेले. शेवटच्या वेळी भागाची किंमत ३०० डॉलर होती, तरी खरेदीदारांची रीघ लागली. २०२३मध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि त्याच्या जागी जॉर्डन लव्ह क्वार्टरबॅक झाला. लॅम्बो फील्ड या संघाच्या स्टेडियमच्या हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत आणि घरात मूल जन्माला आले की त्याचेही नाव तिथे नोंदवण्याची रीत आहे.