सोळा तास

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या वाचनालयात कोपऱ्यातला संगणक रिकामा मिळालाय. काकी शेजारी बसल्यात, मांडीवर भिंतीवरून काढून आणलेलं कालनिर्णय. काकी मूळच्या गोव्यातल्या पेडण्याच्या. काका-काकी दोघांच्याही घरची मोठी माणसं 1961 पूर्वी, पोर्तुगीज अमलात जन्मलेली. त्या आधारावर पोर्तुगीज पासपोर्ट, आणि मग इथल्या गोदामातली नोकरी. अशी गोंयकारांची घरं या गावात पुष्कळ आहेत. ब्रेक्झिटनंतरचं सेटल्ड स्टेटस मिळालंय, म्हणून आज केअरर्स अलाउन्सच्या, म्हणजे आजारी माणसाला सांभाळणाऱ्याच्या भत्त्याच्या, अर्जाला हात घालता येतोय.

काकांना पक्षाघात झाला आणि काकींनी गोदामातले आठवड्याचे चाळीस तास सोळावर आणले. सोळाच का? 2025-26 या वर्षात हा भत्ता आठवड्याला 83.30 पौंड होता, आणि तो घेणाऱ्याची हातात पडणारी कमाई 196 पौंडांच्या वर जाऊन चालत नव्हती. किमान वेतन तेव्हा ताशी 12.21. सोळा तासांचे झाले 195.36. सतरावा तास केला की 12 पौंड हातात येतात आणि त्या आठवड्याचा भत्ता अख्खाच्या अख्खा जातो. थोडाफार कापून घेणं नाहीच. या कड्यावरून पाय घसरलेल्या हजारोंकडे सरकारने वसुली लावली, 2024 मध्ये ओरड झाली, तेव्हा कुठे लिझ सेस यांच्याकडे चौकशी सोपवली गेली.

पडद्यावर प्रश्न येतो: आठवड्याला 35 तास किंवा जास्त सांभाळ करता का?

मी मराठीत सांगते. काकी हसतात. "रात्रीचं धरतात काय गो?"

"उठावं लागतं तेवढं धरायचं."

त्या कालनिर्णय पुढे करतात. एकादशीच्या चौकटीत बारीक पेन्सिलीने लिहिलंय: आंघोळ, फिजिओ, रात्री दोनदा. खाली गोल करून 4, म्हणजे गोदामातले तास. "पस्तीस तर बुधवारपर्यंतच होतात, बाय."

मी 'हो'वर टिचकी मारते. ते बुधवारचं लिहायला फॉर्मात जागा नाही.

काकांचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, पगाराच्या पावत्या, बँक. हे भराभर होतं. मध्येच फोन वाजतो. सुपरवायझर. शनिवारी सहा तास येता का, जादा दराने? काकी फोन माझ्याकडे देत नाहीत. "नो सर. सॉरी सर. माय अवर्स फुल." फोन ठेवून पुटपुटतात, "एरवी जादा तास मागून मिळत नव्हता."

आता भत्ता कधीपासून हवा ती तारीख. तीन महिने मागे जाता येतं. काकी पानं उलटत जुलैवर थांबतात. एका आठवड्यात कुणी रजेवर होतं, तेव्हा 20 तास झालेले.

"तेवढा एक आठवडा वगळून आधीचंही मागता येईल," मी म्हणते. "कमाई खरी लिहायची, झालं."

"आणि दोन वर्षांनी कागद आला तर? तू असशील इथे?" त्या आठवड्यावर त्या पेन्सिलीने आडवी रेघ ओढतात. "पुढचा सोमवार टाक."

मी तारीख टाकते. काकी चष्मा पुसून ती कालनिर्णयाशी ताडून बघतात, मग म्हणतात, "हां. दाब."