विश्लेषण : संगणकावरचे गाणे मोबाइलवरून कसे बदलते? आणि गाण्याबरोबर आणखी काय हाती जाते?

घरच्या संगणकावर किंवा सभागृहातल्या लॅपटॉपवर वाजणारे गाणे खिशातल्या मोबाइलवरून थांबवता, बदलता, लहान-मोठे करता येते. त्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. मात्र मोबाइलचा आदेश संगणकापर्यंत कोणत्या वाटेने जातो, यावर सोय आणि धोका दोन्ही अवलंबून आहेत.

याची गरज कुठे पडते?

सोसायटीचे स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे आणावे. लॅपटॉप व्यासपीठाच्या कोपऱ्यात मिक्सरला जोडलेला आणि संयोजक तिसऱ्या रांगेत. निवेदन सुरू झाले की संगीत हळू करायचे, नाच संपला की पुढची धून लावायची आणि दर वेळी वाकून, तारा ओलांडत व्यासपीठामागे धावायचे. योगवर्गात, नृत्यवर्गात हीच तऱ्हा. घरातही कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाट्यगीते जुन्या डेस्कटॉपवर असतात आणि ऐकणारे आजोबा आतल्या खोलीत पलंगावर असतात.

यावर अनेक जण सोपा उपाय करतात. गाणी मोबाइलमध्ये घेतात आणि ब्लूटूथने स्पीकरला जोडतात. मग ऐन कार्यक्रमात कोणाचा तरी फोन येतो आणि रिंगटोन सगळ्या सभागृहाला ऐकू जाते. गाणे संगणकावरच ठेवून मोबाइल फक्त रिमोटसारखा वापरला, तर हा प्रसंग टळतो.

मग आवाज मोबाइलमधून जातो की नाही?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. ब्लूटूथने जोडणे म्हणजे आवाजच एका यंत्रातून दुसऱ्यात पाठवणे. रिमोट म्हणून वापरताना मोबाइल फक्त आदेश पाठवतो : थांब, पुढचे लाव, आवाज कमी कर. हा मजकूर चिठ्ठीएवढाही नसतो. त्यामुळे मोबाइलची बॅटरी फारशी खर्च होत नाही, नेटवर्क कमजोर असले तरी काम भागते आणि मोबाइल मध्येच बंद पडला तरी गाणे वाजतच राहते.

आदेशाच्या वाटा दोन. पहिली घरातल्या घरात : मोबाइलकडून राउटरकडे आणि राउटरकडून संगणकाकडे. दुसरी बाहेरून : मोबाइलकडून इंटरनेटवरच्या कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून संगणकाकडे. पुढचे सगळे या फरकातून निघते.

ही कल्पना नवी आहे का?

स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. २००३च्या सुमारास मॅक संगणकासाठी ‘सॅलिंग क्लिकर’ नावाची प्रणाली होती. तिच्यामुळे ब्लूटूथ असलेल्या सोनी एरिक्सनच्या बटणांच्या फोनवरून आयट्यून्समधले गाणे बदलता येई. त्याच वर्षी लिनक्सच्या जगात ‘म्युझिक प्लेअर डीमन’ आले. त्यात गाणे वाजवणारा भाग आणि आदेश देणारा भाग मुळातच वेगळे ठेवले होते. २००८च्या जुलैत अ‍ॅपलने आयफोनसाठी अ‍ॅप स्टोअर उघडले, तेव्हा अगदी पहिल्या अ‍ॅपांमध्ये कंपनीचे स्वतःचे ‘रिमोट’ होते. मोबाइलवर दिसणारे चार आकडे संगणकावर भरायचे की जोडणी झाली. आज हातात असलेली बहुतेक अ‍ॅप याच पद्धतीने चालतात.

गाणी स्वतःच्या संग्रहातली असतील तर?

तर व्हीएलसी प्लेअर पुरेसा आहे आणि तो बहुतेकांच्या संगणकावर आधीच असतो. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या १९९६मधल्या प्रकल्पातून उभा राहिलेला हा प्लेअर मोफत आहे. (२०२२मध्ये काही महिने त्याचे संकेतस्थळ भारतात उघडत नव्हते, ती बंदी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात उठली.) त्याच्या पोटात एक छोटा वेब सर्व्हर दडलेला आहे, हे मात्र रोज वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

तो सुरू करण्यासाठी विंडोजवर ‘टूल्स’मधून ‘प्रेफरन्सेस’मध्ये जावे. खाली डाव्या बाजूला सेटिंग ‘सिंपल’ असते, ते ‘ऑल’ करावे. ‘इंटरफेस’खालच्या ‘मेन इंटरफेसेस’मध्ये ‘वेब’पुढे खूण करावी. त्याच्याच पोटातल्या ‘लुआ’ या पानावर ‘लुआ एचटीटीपी’च्या रकान्यात पासवर्ड लिहावा, जतन करावे आणि व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडावा. पासवर्ड दिला नाही तर हे काम करत नाही. अनेकांची गाडी इथेच अडते.

आता संगणकाचा घरातला पत्ता हवा. विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ दिसतो. घरगुती राउटरवर तो बहुधा १९२.१६८ने सुरू होतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि मग ८०८० टाइप करायचे (अंक अर्थात इंग्रजीत). नाव विचारले तर रकाना रिकामा सोडायचा आणि पासवर्ड भरायचा. गाण्यांची यादी, आवाजाची पट्टी, पुढे-मागे जाण्याची बटणे, सगळे मोबाइलवर येते. अ‍ॅप घ्यावे लागत नाही. इंटरनेट बंद असले तरी चालते, कारण आदेश घराबाहेर जातच नाही. आजोबांच्या नाट्यगीतांसाठी याहून सरळ मार्ग नाही. मोबाइलच्या होमस्क्रीनवर त्या पानाचे चिन्ह करून दिले की त्यांना पत्ता टाइप करण्याचीही गरज उरत नाही.

स्पॉटिफायसारख्या सेवांचे काय?

तिथे काम फारच सोपे आहे. संगणकावर आणि मोबाइलवर एकाच खात्याने प्रवेश करायचा, मोबाइलवर गाण्याच्या पट्टीतले उपकरणांचे चिन्ह दाबायचे आणि यादीतून संगणक निवडायचा. ‘स्पॉटिफाय कनेक्ट’ या नावाने २०१३पासून ही सोय आहे. गाणे संगणक स्वतः इंटरनेटवरून घेतो, मोबाइल फक्त सांगतो.

इथे आदेश बाहेरच्या वाटेने जाऊ शकतो. म्हणजे मोबाइल वाय-फायवर नसून मोबाइल डेटावर असला तरी चालते. गंमत आणि त्रास दोन्ही यातूनच. घरचा संगणक चालू ठेवून कामावर गेलेला माणूस लोकलमध्ये बसून घरात गाणे लावू शकतो. त्याच न्यायाने जुन्या कार्यालयातल्या संगणकावर खाते उघडे राहिले असेल, तर तिथले कोणीही मोबाइलवरचे गाणे बदलू शकते. खात्याच्या पानावर ‘सगळीकडून साइन आउट’चा पर्याय असतो, नोकरी बदलल्यावर तो आठवणीने वापरावा. शिवाय एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणे वाजते. मुलाने वसतिगृहात त्याच खात्यावर गाणे लावले की घरातले बंद पडते, आणि बिघाड संगणकात शोधला जातो.

ब्राउझरमध्ये वाजणाऱ्या गाण्याला रिमोट मिळतो?

मिळतो. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींमध्ये आता ‘सध्या काय वाजते आहे’ याची एकच सामायिक खिडकी असते. कीबोर्डवरचे थांबा-चालूचे बटण तिच्याशीच बोलते. केडीई कनेक्ट हे मोफत, मुक्त स्रोत अ‍ॅप मोबाइलला याच खिडकीशी जोडते. त्यामुळे प्लेअर कोणता, हा प्रश्न फारसा उरत नाही. अ‍ॅप अ‍ॅण्ड्रॉइड मोबाइलवर आणि संगणकावर दोन्हीकडे घ्यावे लागते. जोडणीची विनंती दुसऱ्या बाजूने मान्य करावी लागते आणि पुढचा संवाद सांकेतिक रूपात जातो. मोबाइलवर फोन आला की संगणकावरचे गाणे आपोआप थांबवण्याची सोयही त्यात आहे.

एकाच वाय-फायवर असूनही संगणक दिसत नाही, असे का?

सर्वाधिक वैताग याच प्रश्नाचा. घरात कारण बहुधा विंडोजचेच असते. नवे वाय-फाय जोडताना ते ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल, तर संगणक इतरांपासून लपून राहतो. घरच्या जाळ्यासाठी ते ‘प्रायव्हेट’ करावे. पहिल्यांदा अ‍ॅप सुरू करताना फायरवॉल परवानगी विचारते आणि घाईत ‘रद्द’ दाबले जाते. ती परवानगी नंतरही देता येते. कालपर्यंत चालणारे आज बंद पडले असेल, तर राउटरने संगणकाचा पत्ता बदललेला असू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये एका यंत्रासाठी पत्ता राखून ठेवता येतो.

वसतिगृहे, हॉटेले, महाविद्यालये यांचे वाय-फाय मात्र अनेकदा मुद्दामच असे बांधलेले असते, की प्रत्येक यंत्राला इंटरनेट मिळते, पण शेजारचे यंत्र दिसत नाही. घरच्या राउटरवरचे ‘गेस्ट’ जाळेही बहुधा तसेच. हा दोष नव्हे, संरक्षण आहे. तिथे डोकेफोड करण्यात अर्थ नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडावा. दोन्ही यंत्रे एकाच छोट्या जाळ्यात येतात.

धोका कुठे आहे?

गाणे बदलणाऱ्या अनेक अ‍ॅपना केवळ गाणे बदलता येत नाही. ‘मोबाइलच तुमचा माउस आणि कीबोर्ड’ असे सांगणारी अ‍ॅप संगणकावर काहीही टाइप करू शकतात. २०२२मध्ये सिनॉप्सिस या कंपनीच्या सुरक्षा संशोधकांनी अ‍ॅण्ड्रॉइडवरच्या अशा तीन अ‍ॅपमधले गंभीर दोष जाहीर केले. तिन्ही मिळून वीस लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाली होती. कुठे पासवर्डची सक्ती नव्हती, कुठे दाबलेली प्रत्येक कळ उघड्या मजकुरात जात होती. त्याच मोबाइलवरून संगणकात बँकेचा पासवर्ड टाइप केला, तर त्या जाळ्यातल्या तिसऱ्या माणसाला तो वाचता यावा, असा हा प्रकार.

काही जण गाणे थांबवण्यासाठी एनीडेस्कसारखे अख्खा संगणक ताब्यात देणारे अ‍ॅप वापरतात. ते अ‍ॅप मुळात वाईट नाही, पण त्याच्या आडून होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्ये सावध केले होते. गाण्यापुरते काम असताना संगणकात एवढा मोठा दरवाजा कायमचा बसवून ठेवण्याचे कारण नाही.

व्हीएलसीचा वेब सर्व्हरही निर्धोक नाही. पासवर्ड आहे, पण संवाद सांकेतिक नसतो. घरच्या वाय-फायवर ठीक. कॅफेत किंवा हॉटेलात तो बंद ठेवावा, आणि बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड तिथे मुळीच वापरू नये. बाहेरूनही चालावे म्हणून राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो सरळ नाकारावा. त्याने घरातले दार थेट रस्त्यावर उघडते. केडीई कनेक्टमध्ये प्रत्येक सोय वेगळी बंद करता येते. फक्त ‘मल्टिमीडिया’ चालू ठेवून दूरस्थ टायपिंग, क्लिपबोर्ड, आज्ञा चालवणे हे सगळे बंद केले, तर मोबाइल चोरीला गेला तरी चोराच्या हाती फार तर गाणे लागेल.

कार्यक्रमाआधी काय तपासावे?

लॅपटॉपची झोप. दहा-पंधरा मिनिटे कोणी हात लावला नाही की लॅपटॉप निद्रिस्त होतो आणि मग मोबाइलवरून कितीही बटणे दाबली तरी तो उठत नाही. ‘पॉवर’च्या सेटिंगमध्ये चार्जर जोडलेला असताना झोप ‘कधीच नाही’ करावी. लॅपटॉपवरचे व्हॉट्सअ‍ॅप बंद करावे, नाहीतर संदेशाचा टिंग मिक्सरमधून घुमतो. आवाजाच्या चाव्या तीन असतात : प्लेअरची, संगणकाची, मिक्सरची. मोबाइलवरून यांपैकी बहुधा एकच फिरते. तेव्हा प्लेअरचा आवाज पूर्ण ठेवून मिक्सरवर सभागृहाला साजेशी पातळी आधी ठरवावी, आणि मोबाइलवरून फक्त कमी करत जावे. हॉटस्पॉट वापरणार असल्यास तो ज्या मोबाइलवर आहे, तो संयोजकाने दारावर पाहुण्यांना घ्यायला जाताना सोबत नेऊ नये.