लिंक कुठे बसली आहे?

एखाद्या संकेतस्थळाची तपासणी हाती घेतली की मी पान आणि त्याचा सोर्स कोड शेजारी शेजारी उघडते. मग लिंक कुठे आहे ते पाहते: वरच्या मेन्यूत, बाजूच्या पट्टीत, मजकुराच्या ओघात की तळाच्या फुटरमध्ये. बहुतेक जण विचारतात, ‘लिंक असली म्हणजे झालं, जागेनं काय फरक पडतो?’ फरक पडतो, आणि त्यामागं कारण आहे.

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये पेजरँक हे लिंक्सवरून पानांचं महत्त्व मोजणारं सूत्र मांडलं, तेव्हा पानावरची प्रत्येक लिंक सारखीच धरली होती. पानाचं वजन सगळ्या लिंक्समध्ये समान वाटलं जायचं. पण वाचक असा वागत नाही. ‘अटी व शर्ती’वर क्वचितच कुणी क्लिक करतं. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आशियातील संशोधकांनी पानाचे भाग पाडून प्रत्येक भागातल्या लिंक्सचा वेगळा विचार करण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी गूगलनं अर्ज केलेलं एक पेटंट २०१० मध्ये मंजूर झालं. लिंकवर क्लिक होण्याची शक्यता जितकी जास्त, तितकं तिचं वजन जास्त, हे त्याचं सार. ती शक्यता जोखायच्या खुणाही त्यात दिल्या आहेत: अक्षरांचा आकार, रंग, पानावरची जागा, लिंकचे शब्द. अर्थात पेटंट म्हणजे आजचं सूत्र नव्हे. कोणत्या खुणेला किती गुण, हे गूगल उघड करत नाही.

शेतीविषयक संकेतस्थळावरचा डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा एक लेख घ्या. फवारणीच्या परिच्छेदात एक टक्का बोर्डो मिश्रणाचा उल्लेख होता. मिश्रण कसं करायचं, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना कसा वापरायचा, हे सांगणारं वेगळं पान तयार होतं. त्याची लिंक मात्र फुटरच्या गर्दीत होती, तीही ‘येथे क्लिक करा’ अशी. शेतकऱ्याला प्रश्न पडतो तो फवारणीचं वाक्य वाचताना. म्हणून लिंक तिथंच आणली आणि ‘एक टक्का बोर्डो मिश्रण तयार करण्याची पद्धत’ हेच शब्द तिला दिले. आता पुढं काय मिळणार हे वाचकालाही कळतं आणि शोधयंत्रालाही. आजूबाजूचं वाक्य विषयाला दुजोरा देतं.

याचा अर्थ मेन्यू आणि फुटर निरुपयोगी आहेत असा नाही. संकेतस्थळाची रचना त्यांतूनच कळते आणि नवी पानं सापडतात. मात्र लिंक खरी असावी लागते. कोडमध्ये ‘ए’ टॅग आणि ‘एचरेफ’ नसेल, नुसतं जावास्क्रिप्टचं बटण असेल, तर पानं शोधत फिरणारा गूगलचा क्रॉलर तिच्यामागं जाईलच याची खात्री नाही. पैसे घेऊन दिलेली लिंक उत्तम परिच्छेदात बसवली तरी तिच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण हवी. रँकिंग वाढवण्यासाठी ती तशीच ठेवणं गूगलच्या नियमांत बसत नाही.

आपल्या संकेतस्थळावरचं सर्वाधिक वाचलं जाणारं पान आज उघडा. वाचकाला पुढचा प्रश्न कोणत्या वाक्यापाशी पडेल ते शोधा आणि उत्तराची लिंक त्याच वाक्यात द्या. वाचकाच्या सोयीची जागा हीच लिंकची योग्य जागा.