वाट आणि काळीज

१९८० साली जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांचं ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ आलं. रूपक हा कवितेचा दागिना नसून रोजच्या विचाराचा सांगाडा आहे, हे मत तेव्हापासून भाषाशास्त्रात मूळ धरू लागलं. त्यांचा गाजलेला दाखला प्रेमाचा होता. इंग्रजी बोलणारं जोडपं म्हणतं, आपण चौरस्त्यावर येऊन थांबलोय, हे नातं कुठेच पोचत नाही, आता माघारी फिरता येणार नाही. म्हणजे प्रेम हा प्रवास आणि नातं हे वाहन. बुडापेस्टच्या झोल्तान कोवेचेश यांनी १९८६ आणि १९८८च्या पुस्तकांत आग, वेड, दोन अर्ध्यांची जोड अशी भर घातली, पण सामग्री इंग्रजीचीच राहिली. या साऱ्या काळाची मोठी चूक मला इथे दिसते: एका भाषेचा नकाशा माणसाच्या मनाचा नकाशा म्हणून वाचला गेला. नेओमी क्विन यांनी १९९१मध्येच बजावलं होतं की रूपकं संस्कृती घडवत नाहीत, आधीच घडलेल्या समजुतीतून ती निवडली जातात. त्या इशाऱ्याचं वजन अरबी बोलींपाशी आल्यावर कळतं.

बैरूत किंवा दमास्कसमधली आई लेकराला कुरवाळताना ‘तोबोर्नी’ म्हणते. शब्दशः अर्थ, तू मला पुरावंस. म्हणजे तुझ्याआधी मी जावं, तुझ्याशिवाय जगायची वेळ माझ्यावर येऊ नये. ‘माझं आयुष्य तुला लागो’ म्हणणाऱ्या मराठी आजीला हे समजवावं लागणार नाही. कैरोत ‘बमूत फीक’, तुझ्यावर मरतो. मोरोक्कोपासून आखातापर्यंत जिवलग माणूस म्हणजे ‘कब्द’, यकृत. पोटच्या पोराला ‘यकृताचा तुकडा’ म्हणतात. आपण काळजाचा तुकडा म्हणतो आणि त्याच शब्दाची बहीण मटणाच्या दुकानात कलेजी म्हणून तराजूवर पडते, तेव्हा अवयवाच्या या निवडीत परकं काहीच वाटत नाही. महत्त्वाचा फरक दुसरीकडे आहे. इंग्रजी दाखल्यांत दोघं मिळून ‘नातं’ नावाच्या तिसऱ्या वस्तूबद्दल बोलतात. अरबी बोलीत ती तिसरी वस्तू मधे नसतेच. रूपक थेट समोरच्याला दिलेली हाक असते आणि ती त्याला बोलणाऱ्याच्या देहात आणून बसवते.

यावर रास्त आक्षेप असा की ही तुलना विषम आहे: एकीकडे भांडणाऱ्या जोडप्याचे संवाद, दुसरीकडे लाडाची संबोधनं. इंग्रजीतही मध, साखर अशी संबोधनं आहेतच. मान्य, पण तिथे प्रिय माणूस चाखायचा गोड पदार्थ होतो, बोलणाऱ्याचा अवयव क्वचित. दुसरा आक्षेप, तोबोर्नी झिजून गेलंय, त्यात मरण कुणाला ऐकू येतं? पण झिजलेली, नकळत तोंडात येणारी रूपकंच विचार घडवतात, हा तर लेकॉफ-जॉन्सन यांचाच पाया. तो इंग्रजीला लागू आणि अरबीला नाही, असं कसं चालेल? उलट टोकही टाळायला हवं. यकृताच्या भाषेवरून अरब माणसं जात्याच भावनाविवश ठरवणं ही जुनी, आळशी सवय आहे. ‘हवा’ या अरबी प्रेमशब्दाच्या धातूतच कोसळण्याचा अर्थ आहे, आणि इंग्रजी माणूसही प्रेमात पडतोच.

अभ्यासाने नंतर वाट सुधारली. कोवेचेश यांनी २००५च्या पुस्तकात सार्वत्रिकतेइतकीच जागा भिन्नतेला दिली. २००८च्या एका संग्रहात झुहैर मालेज यांनी ट्युनिशियाच्या बोलीतलं हृदय तपासलं. तरी बोली मागेच राहिल्या, कारण अरबीत लिहायची भाषा वेगळी आणि बोलायची वेगळी. ती भिंत मोबाइलवरच्या पोरांनी खिळखिळी केली. ते रोमन लिपीत बोली लिहितात, न बसणाऱ्या ध्वनींसाठी आकडे वापरतात: ‘हबीबी’तल्या खोल ‘ह’साठी 7. तोबोर्नीच्या मधे घशात क्षणभर अडणारा जो झटका आहे, तो देवनागरीतही धड उतरत नाही. त्याच्या जागी ती मुलं 2 लिहितात.