महामार्ग शिवारातून जाताना

नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. दहा जिल्ह्यांतील ३९२ गावांच्या शिवारांतून तो गेला आहे. नव्या महामार्गाची आखणी चालू असता गावाने कोठे लक्ष पुरवावे, हे या कामावरून ध्यानात येते.

हा मार्ग नेहमीच्या सडकेसारखा नव्हे. ठरावीक प्रवेशस्थानांवाचून त्यावर चढता वा उतरता येत नाही. दुचाकी व बैलगाडी यांना तर तेथे मज्जावच आहे. तेव्हा महामार्ग बांधाला लागून गेला म्हणजे माल लवकर बाजारात पोहोचेल, हा समज खरा नाही. प्रवेशस्थान किती दूर आहे आणि तेथवर बारमाही रस्ता आहे काय, हेच पाहावयाचे. जोडरस्त्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने आखणीच्या वेळीच नोंदवावी.

सपाट प्रदेशात या मार्गाची रुंदी १२० मीटर धरण्यात आली. म्हणजे दर किलोमीटरास १२ हेक्टर, सुमारे ३० एकर जमीन गेली. आरंभी जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याची योजना होती. तिला अनेक ठिकाणी विरोध झाल्यावर थेट खरेदीचा पर्याय पुढे आला. मोबदला कोणताही असो, तो सातबारावर नाव असणाऱ्यासच मिळतो. वडील वारले तरी वारसनोंद झालेली नाही, भावांची वाटणी तोंडीच राहिली आहे, अशी खाती प्रत्येक गावात असतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ती आधीच शोधून तलाठ्याकडून फेरफार करवून घ्यावेत. संयुक्त मोजणीच्या दिवशी खातेदाराने स्वतः हजर राहून विहीर, फळझाडे व जलवाहिनी यांची नोंद झाल्याची खात्री करावी.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते पाण्याकडे. महामार्गाचा उंच भराव हा एक लांबलचक बांधच होय. पाण्याचा उतार ज्या दिशेने असेल तिच्या आड तो आला आणि मोऱ्या अपुऱ्या पडल्या, तर वरच्या अंगाच्या काळ्या जमिनीत पाणी साचून तूर व कपाशी पिवळी पडते; खालच्या अंगास एकाच तोंडातून वेगाने सुटलेले पाणी माती वाहून नेते. उन्हाळ्यात पाहणी केल्यास कोरडा ओहोळ सहज नजरेतून सुटतो. मोठ्या पुराचे पाणी कोठवर चढते, हे गावातील जाणत्यांना ठाऊक असते. त्या खुणा गावनकाशावर मांडून अभियंत्यांस दाखवाव्यात. पाणंद रस्ता कापला जात असल्यास भुयारी मार्ग कडब्याची भरलेली गाडी जाईल एवढा उंच आहे ना, हेही विचारावे.

भरावास मुरूम फार लागतो. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गांच्या कामासाठी तलाव व नाले खोल करून तो काढण्यात आला आणि गावांस पाणीसाठा मिळाला. अशी मागणी इतर गावांनीही करावी. मात्र खोदाईची जागा पाणलोट पाहून ठरवावी व काठांना उतार ठेवण्याची अट घालावी, कारण उभ्या काठांच्या खड्ड्यात पाण्यावर आलेली गुरे घसरून पडतात.