फोनचा कॅमेरा उघडेना, तेव्हा
हाताशी असलेली यंत्रे : लेखांक ७

गतलेखांकात बॅटरीचे विवेचन झाले. या सप्ताहात कॅमेऱ्याचा विचार करावयाचा आहे. छायाचित्र ही निव्वळ हौसेची बाब होती तोवर कॅमेरा चार दिवस बंद राहिला तरी कोणाचे अडत नसे. परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास आपल्या गटात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून, सातबाऱ्यावर पेऱ्याची नोंद करणे प्राप्त झाले. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरीही १ जानेवारी २०२३ पासून छायाचित्रासह लागू लागली. अशा वेळी रोवणी आटोपलेल्या बांधीत, धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील पडदा काळाठिक्कर राहिला, तर फोन खिशात घालून आमगावच्या किंवा देवरीच्या दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरण्यापूर्वी त्याने थोडी चौकशी स्वतःच करावी. आणि तिचा क्रम असा असावा की, ज्या उपायाला पैसा लागत नाही व ज्याने काही पुसले जात नाही, तो आधी.

पहिला प्रश्न असा, की कॅमेरा सर्वत्र बंद आहे की एकाच ॲपमध्ये? फोनचा मूळ कॅमेरा उघडून पाहावा. तेथे चित्र दिसत असेल तर यंत्र निर्दोष आहे आणि अडचण बहुधा परवानगीची आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून प्रत्येक ॲपला कॅमेऱ्याची संमती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. आणि अँड्रॉइड ११ पासून तर काही महिने न उघडलेल्या ॲपची संमती फोन आपण होऊन रद्द करतो. पीक पाहणीचे ॲप हंगामापुरतेच उघडले जात असल्याने गतवर्षी दिलेली परवानगी यंदा शिल्लक नसणे अगदी स्वाभाविक आहे. ती पुन्हा मागितली जात असता घाईघाईत दोनदा नकार दाबला गेला, की पुढे विचारणाही होत नाही. सेटिंगमधील ॲपच्या यादीत जाऊन, त्या ॲपच्या परवानग्यांत कॅमेरा पुन्हा मंजूर केला, की बहुतेक तक्रारी तेथेच निकाली निघतात.

सर्वच ॲपमध्ये अंधार असेल तर पडदा वरून खाली ओढून पाहावा. अँड्रॉइड १२ पासून सगळ्या ॲपना एकदम मज्जाव करणारे कॅमेऱ्याचे एक बटण तेथे मिळू शकते, आणि ते नकळत दाबले गेलेले असू शकते. त्यानंतर एखादा व्हिडिओ कॉल मागे चालू राहिला आहे काय, हे पाहून फोन बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण कॅमेरा एका ॲपच्या ताब्यात असता दुसऱ्यास सहसा मिळत नाही. साठवणुकीची जागा संपली असेल तर ती मोकळी करावी, आणि मे महिन्याच्या उन्हात फोन तापला असेल तर त्याला सावलीत निवू द्यावे.

एवढ्यानेही भागले नाही तर कॅमेरा ॲपचा कॅशे पुसावा. त्याने छायाचित्रे जात नाहीत. मात्र पीक पाहणीच्या ॲपचा डेटा पुसण्याच्या भानगडीत सहसा पडू नये. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात रेंज नसल्याने अपलोड व्हायची राहिलेली नोंद फोनमध्येच असते, आणि डेटाबरोबर तीही नाहीशी होण्याची धास्ती असते. फोन सेफ मोडमध्ये सुरू करून पाहणे त्याहून निर्धोक. तेथे कॅमेरा चालला तर दोष नव्याने घेतलेल्या एखाद्या ॲपचा, असे समजावे.

आता यंत्राकडे वळू. पुढचा कॅमेरा चालतो व मागचा चालत नाही, असे सर्व ॲपमध्ये आढळले तर मागील कॅमेऱ्याचा भाग किंवा त्याची जोडणी बिघडल्याचा संशय बळावतो. भिंगाच्या आत धुके दिसले तर ओल शिरली आहे, असे जाणून फोन बंद ठेवावा, चार्जिंगला लावू नये व हवेशीर जागी वाळू द्यावा. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याचा उपाय आपल्या जिल्ह्यात घरोघरी हाताशी असला, तरी तांदळाचे बारीक कण आत जाऊन इजा करतात, असा इशारा ॲपल कंपनीनेच दिलेला आहे. त्याच कंपनीने २०२१ मध्ये असेही कळविले, की मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकवून दीर्घकाळ प्रवास केल्यास इंजिनाच्या कंपनांनी चित्र स्थिर ठेवणाऱ्या व फोकस साधणाऱ्या सूक्ष्म रचनेत बिघाड होऊ शकतो. कॅमेरा उघडतो, पण चित्र थरथरते किंवा पुसट राहते, अशी तक्रार असल्यास ही सवय तपासून पाहावी.

फॅक्टरी रीसेट हा अखेरचा इलाज. छायाचित्रे व नोंदी अन्यत्र उतरवून घेतल्याखेरीज तो करू नये. दुकानात जाणे भागच पडले तर कोणता कॅमेरा, कोणत्या ॲपमध्ये, केव्हापासून, आणि तत्पूर्वी फोन पडला, भिजला की अपडेट झाला, एवढी हकीकत कारागिरास नीट सांगावी. म्हणजे अंदाजाने भाग बदलण्याचा खर्च वाचतो. दरम्यान मुदत संपत आली असेल तर दुरुस्तीची वाट पाहत बसू नये. पीक पाहणीत एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते; शेजाऱ्याचा फोन मागून घ्यावा आणि बांधीत उभे राहून नोंद उरकावी.

(पुढील लेखांकात : फोनला आपले ठिकाण कसे कळते?)